चार डोळ्यांचा मणी

३ जून, सोमवार, लेगी

वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा सगळ्यांनी संपादकांचं सांत्वन केलं. माझं कुणी केलं नाही. आठवड्याला एक सदर लिहून मी निम्म्या सुराबायाला दुखावलं होतं, आणि उरलेल्या निम्म्याला आपला नंबर कधी लागतो याची धास्ती होती. सदर गेलं, जीभ राहिली. ती आता या वहीत वळवळेल.

माझा नवरा विनार्नो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आणि आम्ही त्याच्या गावी, त्याच्या आईच्या घरी येऊन राहिलो. इथे वारापुढे जावानी पाच दिवसांच्या आठवड्याचा दिवसही लिहितात, म्हणून वर 'लेगी'. या गावात घरोघरी काचेचे मणी करतात. फुटक्या बाटल्या, बशा, तावदानं वितळवून कांड्या ओढायच्या. कांडी गॅसच्या बत्तीवर मऊ करून तारेवर गुंडाळायची. मणी झाला की तुसाच्या राखेत निववायचा. मग तो समुद्रापलीकडे कालिमंतानला जातो आणि तिकडच्या बायकांच्या गळ्यात आपल्यापेक्षा जास्त मान मिळवतो.

आज जेवताना इबू, म्हणजे माझ्या सासूबाई, विनार्नोला म्हणाल्या, "जेंग रेत्नोंना सवड असेल तर त्यांनी बत्तीवर बसायला हरकत नसावी." मी शेजारीच सोयाबीनचा टेंपे चावत होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी अजून 'जेंग रेत्नो'. पोस्टातल्या बाईला म्हणावं तसं. गल्लीतल्या शेंबड्या पोरींना मात्र 'न्दुक', म्हणजे लेकी.

कारण असं: कालिमंतानमधल्या समारिंदाच्या बू उराइ इबूंच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या घरी पाठीवर बाळ वाहायची एक पिढीजात टोपली आहे, तिच्या चार कोपऱ्यांना चार मोठे काळे मणी, प्रत्येकावर चार डोळे. घर हलवताना त्यातला एक फुटला. आता नातीला मूल झालंय, आणि चारही मणी जागेवर असल्याशिवाय बाळाला टोपलीत ठेवत नाहीत. उघड्या कोपऱ्यातून त्याचा जीव सांडतो म्हणे. मणी करून द्यायचा शब्द इबूंनी दिलाय. असा मणी गावात दुसऱ्या कुणाला येत नाही.

"मग इबूच का नाही करत?" मी खोलीत विचारलं.

"हात दुखतो त्यांचा," विनार्नो म्हणाला आणि गादी झटकू लागला. तीच गादी, तीच बाजू, तीन वेळा.

धाकट्या दिराची, सुगेंगची, मणी करायच्या शेडवर नजर आहे. तिथे त्याला ब्रॉयलर कोंबड्या पाळायच्यात. हा शब्द पाळता आला नाही तर बत्ती विझवायची आणि शेड त्याला द्यायची, असं इबू स्वतःच बोलून बसल्यात. मी कोंबड्यांच्या बाजूची. निदान अंडी तरी देतात.

"ब्रॉयलर अंडी देत नाहीत," विनार्नो म्हणाला. आजचं त्याचं दुसरं वाक्य.

६ जून, गुरुवार, वागे

पहिला धडा. इबू माझ्या डाव्या हाताला स्टुलावर, पाठ ताठ, केस चोपून अंबाडा. मी बत्तीसमोर. तारेला पांढऱ्या मातीचा लेप देऊन ती वाळवलेली असते, म्हणजे मणी नंतर सुटून येतो. एका हातात तार, दुसऱ्यात कांडी, दोन्ही हात वेगवेगळ्या कामाला. सरकारी कचेरीत हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय दिसतंय ते सांगत राहायचं," इबू म्हणाल्या.

"कुणाला सांगू?"

"मला. कांडीचं टोक कसं आहे?"

"लाल झालंय."

"लाल तर मिरचीही असते, जेंग."

म्हणजे परीक्षा आहे तर. म्हटलं, ठीक आहे, बाई, घ्या. "टोक आधी लाजल्यासारखं गुलाबी झालं, मग नारिंगी, आता मधासारखं ओघळायच्या बेतात आहे आणि खाली गोळा धरतंय. उपजिल्हाधिकाऱ्यांच्या हनुवटीसारखा."

"मग लावा तारेला. हनुवटी पडायच्या आत."

मणी झाला. मणी म्हणजे काय, सुपारी चावून थुंकावी तसा ऐवज. राखेतून निघाल्यावर इबूंनी तो घेतला, खालच्या ओठावरून फिरवला, जिभेचं टोक लावलं आणि म्हणाल्या, "फार छान झालाय." मग तो भंगाराच्या डब्यात टाकला. त्या डब्यातली काच पुन्हा वितळते, तिच्या पुन्हा कांड्या होतात.

ओठावर मणी फिरवायचा हा काय नखरा? गावात दुसरं कुणी असं करत नाही. कलावंतांना एक तरी खोड हवीच.

१२ जून, बुधवार, क्लिवोन

रोज तेच. मी मणी बिघडवते, बघते ते बोलते, इबू "छान" म्हणतात, डबा वाजतो. मी आता माझ्याच मेलेल्या मण्यांपासून नवे मणी करत असणार. पुनर्जन्मावर आपला विश्वास नाही, पण धंद्यात चालतो.

एक मात्र कळलं: इबूंना माझी बडबड आवडते. ज्या बडबडीवर या घरात बावीस वर्षं फक्त भुवया उंचावल्या गेल्या, तिची आता फर्माईश होते. आज काच नीट गोल बसेना. मी म्हटलं, "एका अंगाला झुकलाय, निवडणुकीनंतरच्या सरपंचासारखा." इबू हसल्या, तोंडावर हात न ठेवता. फुकटची करमणूक मिळतेय त्यांना. वर्तमानपत्र निदान मानधन तरी द्यायचं.

बाकी वागणं सासूचंच. कालच्या भातात दोन खडे. या घरात तांदूळ इबूच निवडतात. म्हणजे टोमणा माझ्या पानात वाढला गेला होता, आणि तो मी चावला. शिवाय संध्याकाळी सिरियल लागली की टीव्हीकडे बघतसुद्धा नाहीत, मान बाजूला करून नुसता कान देतात. तरी मी मध्ये उभी राहिले की "जेंग, जरा बाजूला." एक शब्द हुकायला नको.

१५ जून, शनिवार, पोन

काल केलेले सगळे मणी राखेत तडकले. विनार्नोने हळूच सांगितलं की बाटलीची काच आणि तावदानाची काच एकत्र नांदत नाही. वेगवेगळ्या घरच्या. गरम असताना प्रेम ऊतू जातं, निवायला लागल्या की एक जास्त आक्रसते, दुसरी कमी, आणि मग तडा.

"मग नांदवायच्या कशा?" मी इबूंना विचारलं.

"सावकाश निववायचं. तरीही काही नाही नांदत."

"किती वर्षं वाट बघायची?"

"राखेलाच ठाऊक," इबू म्हणाल्या आणि चहात साखर ढवळत राहिल्या. आम्ही काचेबद्दलच बोलत होतो.

२१ जून, शुक्रवार, वागे

आज मी शेडचं भलं केलं. कांड्यांची मांडणी पाहून मला पहिल्या दिवसापासून मळमळत होतं: पांढऱ्याशेजारी काळा, निळा एकटाच वरच्या फळीच्या टोकाला, हिरवे तीन ठिकाणी, पिवळा दुधाच्या डब्यात. इबू मशिदीत बायकांच्या पठणाला गेल्या होत्या. मी सगळं उतरवलं, फळ्या पुसल्या आणि रंगांप्रमाणे लावून टाकलं. हिरव्यातून निळा, निळ्यातून जांभळा. इंद्रधनुष्यानेही उठून सलाम केला असता.

इबू आल्या. मी म्हटलं, "बघा तरी!"

त्या दारातच थांबल्या. "फारच छान दिसतंय, जेंग," म्हणाल्या. मग हात पुढे करून वरच्या फळीवरून बोटं फिरवली, अगदी टोकापर्यंत. धूळ राहिलीय का ते बघत होत्या! मी जिवाचं रान करावं आणि यांनी धूळ शोधावी.

धूळ नव्हती. बोटं मात्र बराच वेळ फिरत होती.

२४ जून, सोमवार, पाहिंग

आज आश्चर्य. इबू म्हणाल्या, "उठा, मी बसते." हात दुखतो ना? पण बसल्या. बत्ती पेटली, आणि असं काम मी पाहिलं नव्हतं. तार फिरायची थांबत नव्हती. काळा गोळा जणू आधीच गोल असल्यासारखा आला. वरच्या फळीच्या टोकाची कांडी उचलून त्यांनी चार ठिपके दिले, त्यात पांढरा, त्यात पिवळं टिंब. चार डोळे, सारखे, शांत.

फक्त ते डोळे हिरवे होते.

बू उराइंनी नमुन्याला पाठवलेला फुटका तुकडा समोर होता. निळा. आजीच्या जुन्या छत्रीसारखा निळा.

"निळा कसा उतरलाय?" इबूंनी विचारलं.

मला वाटलं, आला सापळा. "हिरवा आहे, इबू. चांगला केळीच्या पानासारखा."

इबूंनी तार राखेत खुपसली. मग इबू म्हणाल्या, "हो. हिरवाच. तुमचं लक्ष आहे का पाहत होते."

असल्या परीक्षांना आमच्या सुराबायाच्या रांगड्या शब्दांत काय म्हणतात ते... नको, वहीसुद्धा लाजेल. पण एक समाधान आहे: इबू चुकल्या आणि कबूल करायला तयार नाहीत. म्हणजे त्याही आमच्यातल्याच.

संध्याकाळी विनार्नो काही न बोलता शेडमध्ये गेला आणि सगळ्या कांड्या जुन्या जागी लावून आला. निळा एकटाच टोकाला, पिवळा दुधाच्या डब्यात. मी विचारलं, "हे काय?"

"सवय असते माणसाला," तो म्हणाला.

"कुणाला?"

"माणसाला."

याच्याशी भांडणं म्हणजे केळीच्या खुंटाला बुक्क्या मारणं. लागतही नाही, आवाजही येत नाही. मी आजपासून संपावर.

३० जून, रविवार, पोन

संप मोडला. बू उराइंचा फोन आला. त्या इबूंना 'म्बाह', म्हणजे आजी, म्हणतात. इबूंनी मला स्पीकर लावायला सांगितलं, कारण त्या फोनला हात लावत नाहीत, बटणं "फार बारीक" झालीत म्हणे.

"म्बाह, मी चौदा तारखेला सुराबायाला उतरते. नात आणि बाळ बरोबर आहे. टोपलीही आणते. होईल ना?"

"होईल. आमच्या जेंग रेत्नो करतायत."

मला विचारलं? नाही. मी पुढे सरसावून नाही म्हणणार, तेवढ्यात पलीकडून त्या बाईचा आवाज आला. "देवाचीच कृपा. पोरगी बाळाला नुसती कडेवर घेऊन फिरते, म्बाह. रोज रात्री रडतं. माझ्या आईपासून आमच्याकडचं एकही मूल टोपलीवाचून वाढलेलं नाही."

यानंतर नाही कसं म्हणायचं? एरवी मला जमतं. फोन बंद झाल्यावर इबू म्हणाल्या, "आता फिरवणं जमतंय तुम्हाला. डोळे राहिलेत." काही क्षण मला त्या कुणाच्या डोळ्यांबद्दल बोलतायत तेच समजेना.

४ जुलै, गुरुवार, पाहिंग

डोळे तिरळे होतात. एक वर बघतो, एक दाराकडे, एक चुलत्याच्या पैशांकडे. ठिपका द्यायला कांडीचं टोक जरा जास्त तापलं की पसरतो, कमी तापलं की नकट्यासारखा वर उभा राहतो.

"आता ठिपक्याची कड कशी आहे?"

"ताज्या तेलात सोडलेल्या पिठासारखी. बसतेय, पण मनातून नाही."

"मग थोडी आच. बाहेरच्या निळ्या ज्योतीत, आतल्यात नको. आवाज बदलला की काढा."

"आवाज?"

"बत्तीचा. काच जवळ आली की बत्ती खालच्या सुरात बोलते."

मी ऐकलं. खरंच बोलते. मला वाटायचं, बोलणारी या शेडमध्ये मी एकटीच आहे.

आज त्यांनी पूर्वीच्या बत्तीचं सांगितलं. रॉकेलची होती, पायाने भाता हलवायचा. विनार्नो पाळण्यात असताना एक पाय भात्यावर आणि एक पाय पाळण्याच्या दोरीवर. "दोन्हीला एकच ठेका," इबू म्हणाल्या. म्हणून हा इतका झोपाळू. कोडं सुटलं.

९ जुलै, मंगळवार, पाहिंग

साखर कारखान्याने गाळप जोरात काढलंय. शेतकरी पाचट जाळतात, काळी राख हवेत तरंगते, दोरीवरच्या कपड्यांना लव आल्यासारखं दिसतं. ती राख माझ्या घशात बसली. सकाळी उठले तर आवाज नाही. विनार्नोच्या चेहऱ्यावर दुःख होतं. दुःखच होतं असं मी धरून चालते.

दिवस वाया कशाला घालवायचा, म्हणून शेडमध्ये गेले. इबू स्टुलावर येऊन बसल्या होत्या. मी बत्ती पेटवली, काळी कांडी घेतली, कामाला लागले. गोळा छान आला. निळा ठिपका दिला. पांढरा दिला. एकाग्र झाले होते. बोलायचं नाही तर हात शहाणे होतात की काय असंही वाटून गेलं.

इबू हललेल्या नव्हत्या. मग त्यांनी मान थोडी वळवली, माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडच्या भिंतीकडे, आणि म्हणाल्या,

"जेंग? आहात ना तिथे?"

मी हातभर अंतरावर होते. त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता.

मला उत्तर देता येईना. मी चिमटा टेबलावर दोनदा वाजवला. त्यांचे खांदे खाली आले. "बरं," त्या म्हणाल्या. "मणी फार वर धरलाय तुम्ही. आवाजावरून कळतं. खाली घ्या."

मी खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांकडे मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. तांदळाचं धुवण असतं ना, तसे.

१० जुलै, बुधवार, पोन

वही मागे चाळली. खडे. सिरियल. धुळीचा शोध. केळीच्या पानासारखा निळा. नाकाखाली एवढी मोठी बातमी आणि मी लिहीत बसले होते टोमणे.

विनार्नोला परसात गाठलं. आवाज अजून बेडकाचा. "कधीपासून?"

तो केळीला पाणी घालत होता. "गेल्या ईदच्या आधीपासून. आता फक्त उजेड-अंधार कळतो आणि रंगाची छाया."

"मला सांगायचं नाही?"

"इबूंनी मला सांगितलेलं नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"मलाही खडे लागतात," विनार्नो म्हणाला. "आणि मला कळलंय हे इबूंना माहीत आहे. पण त्यांना माहीत आहे हे मला माहीत नाही, असं त्या धरून चालतात."

ही आमची जावानी सभ्यता. सगळं घर आंधळ्यासारखं वागतं, म्हणून आंधळ्याला कुणी शोधत नाही.

"डॉक्टर?"

"जोंबांगच्या डॉक्टरकडे इबू शेजारणीबरोबर जाऊन आल्या. त्याने मला फोनवर सांगितलं, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल. वर्षानुवर्षं ज्योतीकडे बघून पडदा आलाय. इबू त्याला म्हणाल्या, बू उराइंचा मणी गेल्यावर. ऑपरेशन फसलं तर शब्दही जाईल." मग त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला. "रेत्नो, तू हे इबूंसमोर काढू नकोस."

माझ्या आयुष्यात मला इतका चांगला विषय मिळालेला नाही, आणि तो छापायचा नाही.

१३ जुलै, शनिवार, लेगी

आवाज परत आला, फाटका पण चालू. सकाळपासून बसलो. मी बोलत राहिले. काही काढलं नाही, फक्त आता मला माहीत होतं की मी कुणासाठी बोलतेय. गंमत म्हणजे उपमा कमी झाल्या आणि बोलणं वाढलं. "निळा आता सुपारीच्या फुलाएवढा आहे. डावीकडे केसभर सरकलाय." "तार अर्धी वळवा." "वळवली. आला जागेवर." "पिवळा?" "पिवळा फक्त एक टिंब. अंड्यातल्या बलकाला सुईने टोचून बघावं तसा."

तिसरा डोळा मला जरा शंकास्पद वाटला. मी बोलले नाही.

मणी राखेत ठेवला. इबूंनी राखेवर तळहात धरला, लहान मुलाच्या कपाळावर धरावा तसा, आणि म्हणाल्या, "सकाळपर्यंत कुणी उकरायचं नाही." हे माझ्यासाठीच होतं. मी उकरणारी आहे, हे जगजाहीर आहे.

१४ जुलै, रविवार, पाहिंग

मणी तडकला नाही.

बू उराइ दुपारी आल्या. दणकट बाई, कानाच्या पाळ्या लांब, पायात स्पोर्ट्सचे बूट. नात मागे, बाळ झोळीत, आणि मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ती टोपली. काढली तेव्हा मी वाकून बघितलं. पाठीच्या लाकडी फळीवर मण्यांची माणसं, वळणावळणाची, आणि तीन कोपऱ्यांवर तीन काळे मणी तुमच्याकडे बघतायत. चौथ्या कोपऱ्याला नुसता दोरा.

बू उराइंनी माझा मणी उजेडात धरला, फिरवला, इतरांशेजारी ठेवला. बराच वेळ. मग त्यांनी मान डोलावली. मी श्वास सोडला. विनार्नोनेही सोडला, तो मला ऐकू आला.

"कुणी केला?"

"आमच्या सुनेने," इबू म्हणाल्या.

"देवाची कृपा. आता म्बाह, तुम्ही बांधा." बू उराइंनी सुईदोरा पुढे धरला. "आमच्यात ज्या घरच्या विस्तवावर मणी झाला, त्या घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईने गाठ मारायची असते. तिचं आयुष्य बाळाला."

विनार्नो खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला. इबूंनी हात पुढे केला, सुईच्या वीतभर डावीकडे.

आणि माझी जीभ सुटली.

"अहो बू उराइ, सुई अशी दूर काय धरता, इबूंच्या उजव्या अंगठ्याशी द्या, त्या काय पळून चालल्यात? हां. आता इबू, ही टोपली बघा, बाळासारखीच आडवी पडलीय, रिकामा कोपरा तुमच्या गुडघ्याशी, खालचा. तिथे दोऱ्याचं टोक कसं लोंबतंय, आमच्या सुगेंगभावजींच्या कोंबडीच्या तुऱ्यासारखं! त्याच्यावर, बोटभर वर, जुनं भोक आहे. हो, तिथेच. मण्याचं भोक तुमच्या नखाखाली आहे, इबू, सरळ पलीकडे. आणि या तान्ह्या पोरीकडे बघा, आजीच्या हाताकडे कशी टक लावून बघतेय, हिला सगळं कळतं, मंत्री होणार ही..."

मी थांबले नाही. कोंबड्या, मंत्री, बाळाचं नाक, समारिंदाचे डास, सगळं आणलं. मध्ये मध्ये डावीकडे, वर, जरा ओढा. नात हसत होती. इबूंची बोटं माझ्या आवाजामागून चालत होती, न अडखळता, जशी तार फिरते तशी. सुई एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, गाठ बसली. इबूंनी दोरा दातांनी तोडला.

बू उराइंचे डोळे माझ्यावर होते, टोपलीवर नाही. नंतर ते इबूंकडे गेले, आणि परत माझ्याकडे. "तुमची सून फार बोलते, म्बाह," त्या म्हणाल्या.

"हो," इबू म्हणाल्या. "पहिल्यापासून."

बाळाला टोपलीत बसवलं. त्याने चौथ्या कोपऱ्याचा मणी मुठीत धरला आणि तोंडात घालायला बघितला. ओठावर फिरवला. आता कुणाला खोड म्हणायची ते मलाच कळेना.

निघताना बू उराइंनी इबूंचे दोन्ही हात हातात घेतले, थोडा जास्त वेळ. बोलल्या काहीच नाहीत. म्हणजे आमच्या सभ्यतेची लागण समारिंदापर्यंत पोहोचली आहे.

गाडी गेली. मी पेले उचलत होते. इबू स्टुलावरच बसल्या होत्या, मांडीवर हात.

"तिसरा डोळा तिरळा होता," त्या म्हणाल्या.

मी पेला खाली ठेवला.

"जिभेला लागला मला सकाळी. पिवळं टिंब खाली बसलंय. तुला दिसला होता?"

"दिसला होता."

"मग बोलली का नाहीस, न्दुक? एरवी एवढी बोलतेस."

महिनाभर माझा प्रत्येक घाण मणी छान होता. आज पहिल्यांदा मला वाईट म्हटलं गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पेले पुन्हा एकदा धुतले. स्वच्छच होते.

२२ जुलै, सोमवार, क्लिवोन

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. इबू डॉक्टरांना म्हणाल्या की दिसलं तर बरं, न दिसलं तरी सोय झालीय. डॉक्टरांना कळलं नाही. विनार्नोला कळलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

संध्याकाळी सुगेंग आला. शेडचा नकाशाच काढून आणलाय त्याने: इकडे पिंजरे, तिकडे खाद्य, वर पंखे. इबूंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

"फारच छान कल्पना आहे," त्या म्हणाल्या.

सुगेंग खूश होऊन गेला. बिचाऱ्याला अजून माहीत नाही, इबूंचं 'छान' कुठल्या डब्यात जातं.